शाळेंत पोर काय शिकतें?

(खेड्यांतील एका शाळेच्या पालकसभेंत तेथील शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा वक्ता नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढून गांवशाळेंत आलेला एक साधा मास्तर आहें. माझें वय आतां चव्वेचाळीस आहे, आणि त्यांतलीं वीसाहून अधिक वर्षें फळ्यापुढें उभें राहण्यांत गेलीं. सुगीचे दिवस असतांना तुम्ही हातचें काम टाकून येथें येऊन बसलां आहांत, तेव्हां पाल्हाळ लावणें बरें नव्हे. आपल्या पोरांनीं शाळेंत काय शिकावें, आणि तीं खरोखर शिकलीं कीं नुसतीं बसून आलीं हें आईबापांनीं कसें ओळखावें, एवढाच माझा विषय आहे. आरंभीं मी माझी स्वतःची चूक सांगणार आहें; कारण दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्यानें आपली पाटी कोरी नाहीं हें आधीं कबूल करावें.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. पांचवीच्या वर्गांत एक पोर होतें. घरीं दोन म्हशी. बाप ऊसतोडीला गेलेला, आई डेअरीला दूध घालून घर चालवी. पोराचें पाठांतर असें कीं, तीसपर्यंतचे पाढे एका दमांत म्हणे. तपासणीला साहेब आले कीं मी त्यालाच उभें करीं. साहेब खूष, मी खूष. एके दिवशीं त्याची आई शाळेच्या दारांत येऊन उभी राहिली. पदरांत दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या. म्हणाली, "गुर्जी, पोरगं तीसापतुर पाडं म्हनतंय, पर ह्या चिठ्ठ्यांचा मेळ काय त्याला लागंना. मला पैकं कमी आल्यावानी वाटतंय. डेअरीवाल्याला इचारावं, तर कशाच्या जिवावर इचारू?"

मीं पोराला हांक मारली. पावतीवर सकाळचें दूध ४.५ लिटर, दर ३२ रुपये असें छापलें होतें. पोरानें वाचलें, "पंचेचाळीस लिटर." मी म्हणालों, "अरे, तुझ्या म्हशी एका वेळेला पंचेचाळीस लिटर देतात काय?" पोर मान खालीं घालून उभें राहिलें. मग हळूच म्हणालें, "गुर्जी, ते टिंब कशाचं असतं, हे मी तुम्हांला इचारलं व्हतं."

आणि मला तो दिवस आठवला. विचारलें होतें खरें. मीं उत्तर दिलें होतें, "धड्यांत आहे तेवढें म्हण. नसत्या चौकशा नकोत." वर्ग हंसला होता. त्यानंतर कित्येक महिने त्या पोरानें मला कांहींच विचारलें नव्हतें.

त्या दुपारीं मीं पुस्तक मिटलें आणि पावत्याच वर्गांत वांटल्या. चारावर टिंब, टिंबापुढें पांच, म्हणजे चार लिटर आणि वर एका लिटराच्या दहा भागांतले पांच भाग. म्हणजे आपले साडेचार. साडेचार लिटराला बत्तीस रुपयांप्रमाणें एकशें चव्वेचाळीस रुपये. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस पावत्या पोरांनीं मांडल्या, बेरीज केली, आणि हिशेब बरोबर निघाला. डेअरीनें एक पैसाहि मारला नव्हता. दोन दिवस फॅट कमी लागली म्हणून दर उतरला होता, एवढेंच. बाई म्हणाली, "बरं झालं गुर्जी. महिना झाला माझ्या मनात अढी व्हती. आता माझंच पोर सांगतंय, तवा ती गेली."

बंधूंनो, या गोष्टींत नापास कोण झालें? पोर नव्हे, मी. पाढे तोंडपाठ होते हा दोष नव्हता. पाठांतराचा मी वैरी नाहीं; पाढा जिभेवर असला तरच बाजारांत हिशेब चटकन् होतो. दोष हा, कीं पाठ म्हणतां आलें म्हणजे समजलें असें मी धरून चाललों, आणि समजून घ्यावयास पोर उठलें तेव्हां मींच त्याला खालीं बसविलें. ज्याला कागद वाचतां येत नाहीं त्याचे दोन्हीकडून हाल. लुबाडला गेला तर त्याला कळत नाहीं, आणि लुबाडला गेला नाहीं तरी त्याचा संशय जात नाहीं.

पाठ म्हणणें व समजणें यांतली ही दरी कांहीं आजची नव्हे. आपल्या खापरपणज्यांच्या काळीं गांवांत पंतोजीची शाळा असे. देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्याच्या पडवींत ती भरे. धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मग बोरू घेऊन मोडीचें वळण घोटावयाचें, आणि सायंकाळीं मोठ्यानें परवचा म्हणावयाचा. पाढे नुसते दोनाचे-तिनाचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पोरें पाठ करीत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. शेर, पायली, मण यांचा सारा व्यवहार पाव-अर्ध्यांत चाले, म्हणून ती सोय. त्या पाढ्यांवर तयार झालेला वाणी कागदावांचून हिशेब करी, हें त्या शाळेचें श्रेय मी नाकारीत नाहीं. पण त्या शाळेंत छापील पुस्तक नसे, भूगोल नसे, आणि 'कां?' हा शब्द तर मुळींच नसे. शिक्षा मात्र नाना तऱ्हेच्या असत. मुख्य गोष्ट अशी कीं, त्या ओसरीवर मुलीला जागा नव्हती, अस्पृश्य मानलेल्यांच्या पोराला पायरीचीहि जागा नव्हती, आणि कुणब्याचें पोर क्वचितच दिसे. कर्जाचें खत कुणब्याच्या नांवाचें, पण तें वाचणारा दुसराच, अशी ती स्थिति होती.

आतां एक नवलाची गोष्ट सांगतों. ही आपल्या देशांतली धुळपाटी सातासमुद्रांपार जाऊन आली आहे. तेव्हांचें मद्रास म्हणजे आजचें चेन्नई. तेथें अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री १७८९ पासून अनाथ मुलांची शाळा पाहत असत. देशी शाळेंतलीं मुलें वाळूंत अक्षरें काढतात हें त्यांनीं पाहिलें आणि ती रीत आपल्या शाळेंत आणली. त्यांचे शिक्षक ही नवी रीत करावयास राजी होईनात, तेव्हां थोरल्या मुलाकडून धाकट्यांना शिकविण्याची युक्ति त्यांनीं योजली. १७९७ सालीं लंडनांत त्यावर पुस्तक छापलें. पुढें बेल व जोसेफ लँकेस्टर यांच्या नांवानें ही पद्धति इंग्लंडांत गाजली, आणि तेथून फिरून मुंबई इलाख्यांतल्या शाळांतहि आली. आपलीच धूळ साहेबाच्या पेटींतून परत आली म्हणा ना! एका मास्तराला शेंकडों मुलें सांभाळतां येत, हा त्या पद्धतीचा लाभ. पण थोरल्याला जेवढें पाठ असे तेवढेंच तो धाकट्याला देई, ही तिची उणीव. यावरून मी एवढेंच सांगतों कीं, शिकविण्याची रीत ही कोणत्याहि धर्माची किंवा जातीची मिरास नसते. चांगली असेल ती उचलावी, वाईट असेल ती टाकावी.

याच सुमारास आपल्या भागांत ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा निघूं लागल्या. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि थोड्याच काळांत त्यांनीं मराठी शाळा काढल्या; १८२४ सालीं मुलींची शाळा काढली. १८२७ सालीं सिंथिया फेरार या बाई अमेरिकेहून आल्या. १८३९ पासून त्यांनीं तेव्हांच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, मुलींना शिकविलें, आणि १८६२ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. मुंबईंत व पुण्यांत स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनींहि शाळा चालविल्या. धर्मप्रसार हा या सर्वांचा हेतु होता, आणि तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. म्हणून पोर तेथें घालतांना आपल्या वाडवडिलांना भय वाटे, आणि तें भय अगदींच खोटें नव्हतें. पण ज्या मुलीला व ज्या जातीच्या पोराला दुसरें कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्यांच्या हातांत छापील पुस्तक प्रथम यांनींच ठेविलें, हेंहि तितकेंच खरें आहे. दोन्ही गोष्टी एकदम सांगावयाचें धैर्य आपल्याला असलें पाहिजे.

आतां त्यांच्या शिकविण्याकडे पाहूं. धर्माचा पाठ ते प्रश्नोत्तरावलीनें देत. मास्तरानें छापील प्रश्न विचारावयाचा, मुलांनीं छापील उत्तर द्यावयाचें. दिसावयास हा प्रश्न खरा, पण ज्याचें उत्तर आधींच छापून ठेविलें आहे, आणि ज्यांत एक शब्द इकडचा तिकडे चालत नाहीं, तो प्रश्न नव्हे, तो परवचाच. आरंभीं शिकविणारेहि बहुधा गांवचे पंतोजीच नेमलेले. तेव्हां रामरक्षेच्या जागीं दहा आज्ञा आल्या. घोकणें तेंच राहिलें.

आणि गंमत पाहा. ज्यांच्या नांवानें हें घोकून घेत, त्या येशू ख्रिस्तांची स्वतःची शिकविण्याची रीत अगदीं निराळी होती. शुभवर्तमानांत त्यांच्या गोष्टी आहेत. एक पेरणारा बीं पेरीत चालला. कांहीं वाटेवर पडलें, कांहीं खडकाळींत, कांहीं कांटेरी झुडपांत, आणि कांहीं चांगल्या जमिनींत. हरवलेल्या मेंढरामागें जाणारा मेंढपाळ, पिठांत खमीर कालविणारी बाई, हरवलेलें नाणें शोधण्यासाठीं घर झाडून काढणारी बाई. ऐकणारे शेतकरी, धनगर, कोळी. म्हणून गोष्टी त्यांच्याच शेतांतल्या व घरांतल्या. एकदां एका शास्त्र्यानें त्यांना विचारलें, कीं शेजारी म्हणून कोणाला समजावें? त्यांनीं व्याख्या सांगितली नाहीं. वाटेंत लुटलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. दोन प्रतिष्ठित लोक त्याला ओलांडून गेले, आणि ज्या शोमरोनी लोकांना ते हलके समजत त्यांपैकीं एकानें त्याच्या जखमा बांधल्या. गोष्ट संपल्यावर प्रश्न उलटा त्या शास्त्र्यालाच घातला, कीं या तिघांत शेजारी कोण ठरला तें तूंच सांग. उत्तर शिकणाऱ्याच्या तोंडून आलें पाहिजे, ही शिकविण्याची सारी कळ त्यांत आहे. आपल्या चक्रधर स्वामींचे दृष्टांतहि असेच घरगुती आहेत. गुरु दृष्टांतानें शिकवितो आणि त्याच्या मागून येणारे तोच दृष्टांत पाठ करून घेतात. हें प्रत्येक धर्मांत घडलें आहे, आणि प्रत्येक शाळेंतहि घडतें.

रीतीइतकीच भाषेची गोष्ट महत्त्वाची. त्यासाठीं थोडें मागें व दक्षिणेकडे, गोव्यास चला. तेथें थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज पाद्री १५७९ सालीं आले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागीं वाचावयास व गावयास कांहीं हवें होतें. या परदेशी माणसानें त्यांची भाषा शिकून, त्यांच्याच ओवीछंदांत ख्रिस्ताची कथा रचली. १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें तें 'क्रिस्तपुराण'. धर्म नवा असला तरी भाषा आणि चाल लोकांची, म्हणून तें लोकांच्या कंठांत बसलें. त्याच गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला, कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकमानें बोली मेली नाहीं. पण जी भाषा घरीं बोलावयाची तीच सरकारदरबारीं हलकी ठरली. राज्य तेंच आणि धर्महि तोच. एकानें लोकांच्या भाषेंतून वाट काढली, दुसऱ्यानें तीच वाट बुजविली. यांतला शिक्षक कोण आणि अंमलदार कोण, हें तुम्हीच ठरवा.

तर मग मिशनच्या शाळेपासून आपण काय घ्यावें? याचें उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनीं करून दाखविलें आहे. जोतीराव आधीं मराठी शाळेंत शिकले. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांना शाळेंतून काढून मळ्यांत कामाला लावलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या शेजारच्या दोघां भल्या माणसांनीं वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत गेले. १८४७ पर्यंत तेथें शिकले. ख्रिस्ती मात्र झाले नाहींत. नगरास फेरारबाईंची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीं नगरास फेरारबाईंकडे, आणि पुण्यांत मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत, शिकविण्याचें शिक्षण घेतलें. फातिमा शेख त्यांच्या जोडीला होत्या. शिकविणाऱ्यानें आधीं शिकविणें शिकलें पाहिजे, आणि दार सर्वांना उघडें ठेविलें पाहिजे, हे दोन धडे त्यांनीं मिशनकडून उचलले. धर्मांतराचा धडा तेथेंच ठेविला.

त्या शाळेंत पोरें काय शिकलीं याचा पुरावा पाहा. १८५५ सालीं अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रांत एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजांतली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंतली विद्यार्थिनी. विषय, मांग-महारांचें दुःख. ज्या धर्मग्रंथांवर आमचा हक्क नाहीं म्हणतात तो धर्म आमचा कसा, असा प्रश्न तिनें केला. आपल्या जातींतल्या बायकांना बाळंतपणांत डोक्यावर छप्पर नसतें, हें तिनें लिहिलें. हें कोणत्या क्रमिक पुस्तकांत होतें? कोणत्या प्रश्नोत्तरावलींत छापलें होतें? कोठेंच नव्हतें. तें तिच्या घरांत होतें, आणि शाळेनें तिला तें मांडावयास शब्द दिले. मी तर म्हणतों, आपल्या देशांत शिक्षणाची याहून मोठी परीक्षा कोणी उत्तीर्ण झालें नाहीं. पोराला स्वतःचें एक खरें वाक्य लिहितां आलें, म्हणजे तें शिकलें.

पुढें १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांत मागणी होती. मोडी व बालबोध वाचणें-लिहिणें, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या बरोबरीनें शेतीचें ज्ञान, नीति व आरोग्य शिकवा, असें त्यांनीं सांगितलें. शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा. आणि नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातीं धरावयास लाज वाटणार नाहीं, असा माणूस शिक्षक असावा. हें शेवटचें कलम मीं माझ्या टेबलाच्या खणांत लिहून ठेविलें आहे.

आतां आजच्या काळाकडे येतों. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक पोराला मोफत व सक्तीचें शिक्षण मिळालें, आणि मुलांना मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें यांना बंदी झाली. जोतीरावांनीं मागितलें तें सव्वाशें वर्षांनीं कायद्यांत आलें. पण पोर शाळेंत आलें म्हणजे शिक्षण पोरांत आलें असें होत नाहीं. २०२४ सालीं देशांतल्या खेड्यांतून 'असर' नांवाची पाहणी झाली. तींत पांचवींतल्या जवळजवळ निम्म्या पोरांनाच दुसरीचा धडा वाचतां आला. उरलेलीं निम्मीं रोज हजेरी देतात, वर्ग पुढें सरकतो, आणि तीं मागें राहतात. तीं मंद नाहींत. त्यांना कोणीं विचारलेंच नाहीं, कीं बाळा, तुला यांतलें किती वाचतां येतें?

यावर तुमच्यांतल्या कित्येकांनीं एक उपाय काढला आहे. सकाळीं पिवळी गाडी येते आणि पोरांना तालुक्याच्या 'कॉन्व्हेंट'ला घेऊन जाते. कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ. अशा मठांनीं चालविलेल्या शाळा आहेत, आणि तेथें शिकून पुष्कळ माणसें पुढें आलीं. पण रस्त्यारस्त्यावर जेथें ही पाटी लागली आहे, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं मठहि नाहीं आणि जोगीणहि नाहीं. नुसती पाटी आणि फी आहे. तुम्ही फी भरण्यासाठीं बोकड विकतां, हातउसने घेतां, हें मला ठाऊक आहे. त्यामागची माया मी ओळखतों. इंग्रजी शिकूं नये असें मी मुळींच म्हणत नाहीं. जोतीराव इंग्रजी शिकले, म्हणून जगांतला विचार त्यांना वाचतां आला. पण ते आधीं मराठी पक्कें करून मग इंग्रजीकडे गेले. भाषा म्हणून इंग्रजी शिकणें निराळें, आणि न कळणाऱ्या भाषेंत गणित व विज्ञान घोकणें निराळें. पोरानें इंग्रजी कविता म्हणून दाखविली कीं आपण खूष होतों. माझे साहेब पाढ्यांवर खूष झाले होते तसेच. कवितेचा अर्थ घरच्या भाषेंत सांग, एवढें एकदां म्हणून पाहा. सांगितला तर तुमचे पैसे सार्थकीं लागले. नाहीं सांगितला तर तुम्हीं परवचाच विकत घेतला, आणि तोहि महाग. इकडे आपल्या शाळेचा पट दरसाल घटतो आहे. असाच घटत गेला तर एक दिवस कुलूप लागेल, आणि ज्याच्याजवळ गाडीचेहि पैसे नाहींत त्याचें पोर कोठें जाईल, याचाहि विचार करा.

आमची शाळा उत्तम आहे, असें म्हणावयास मी उभा नाहीं. पण त्या दुधाच्या पावतीपासून आम्हीं कांहीं बदल केले आहेत, ते सांगतों. रोज सकाळीं एक तास पोरें इयत्तेप्रमाणें बसत नाहींत. ज्याला जेवढें वाचतां येतें त्या गटांत बसतात. अक्षरें न ओळखणारीं एका बाजूला, शब्द वाचणारीं दुसऱ्या, गोष्ट वाचणारीं तिसऱ्या. थोरलें पोर धाकट्याजवळ बसतें. बेलसाहेबांची ती युक्ति आम्हीं परत घेतली, पण पाठ करून घेण्यासाठीं नव्हे, ऐकून घेण्यासाठीं. दुसरें, घरांतला कागद वर्गांत येतो. खताची गोणी आली. तिच्यावर १०:२६:२६ असें छापलेलें. तुम्ही सर्व तें नांव घेतां. पण त्याचा अर्थ पोरांनीं काढला: पन्नास किलोच्या गोणींत पांच किलो नत्र, तेरा किलो स्फुरद, तेरा किलो पालाश. शेंकडेवारीचा धडा त्या दिवशीं कोणाला पाठ करावा लागला नाहीं. तिसरें, आम्हीं आपल्यांतल्याच कारागिरांना बोलाविलें. गवंडीदादा आले. पाया आंखतांना दोरीनें एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट धरतात, आणि तिरकें माप बरोबर पांच फूट आलें कीं कोपरा काटकोनांत बसला, हें त्यांनीं अंगणांत करून दाखविलें. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत तो हाच. पोरांना पुढें पुस्तकांत भेटेल. गवंडीदादांचें पोर वर्गांत कधीं तोंड उघडीत नसे. त्या दिवशीं दोरीचें दुसरें टोंक त्याच्या हातांत होतें, आणि इतरांना तेंच समजावून सांगत होतें.

हें सर्व सुरळीत झालें असें समजूं नका. पहिल्या वर्षीं धडे मागें पडले आणि वरून ताकीद आली. "गुरुजी पुस्तक सोडून पावत्या शिकवतात," अशी कुरकुर तुमच्यापैकींच कांहींनीं केली. रागाच्या भरांत माझ्या तोंडून अजूनहि "गप्प बस" निघतें. वीस वर्षांची खोड एका दिवसांत जात नाहीं. पण आतां तें निघालें कीं माझें मलाच ऐकूं येतें, एवढा फरक पडला आहे.

आतां तुमच्याकडे माझें मागणें. खर्चाचें कांहीं नाहीं. रात्रीं भाकरी झाल्यावर पोराला जवळ घ्या आणि घरांत आलेला एखादा कागद त्याच्या हातांत द्या. दुधाची पावती, विजेचें बिल, सोसायटीची नोटीस, औषधाची बाटली, कांहीं चालेल. नुसतें वाचून घेऊं नका. त्यांत काय म्हटलें आहे तें आपल्या बोलींत सांग, असें म्हणा. तुम्हांला स्वतःला वाचतां येत नसलें तरी हरकत नाहीं. समजून सांगणारें पोर आणि घोकलेलें म्हणणारें पोर यांतला फरक अडाणी आईलाहि कळतो. माझ्या शाळेच्या दारांत आलेल्या त्या माउलीला तो माझ्याआधीं कळला होता. पोराला सांगतां आलें नाहीं तर त्याला मारूं नका, मला येऊन विचारा. आणि मुलीच्या हातांत कागद द्यावयास विसरूं नका. भाकरी करतांकरतां ती ऐकत असते, तिलाहि बोलूं द्या. पोर शाळेंत मास्तराला प्रश्न विचारतें अशी तक्रार कोणीं आणली, तर त्याला उद्धट म्हणूं नका. जें पोर मास्तराला विचारावयास भीत नाहीं, तेंच उद्यां तलाठ्याला, अडत्याला व पुढाऱ्याला विचारील.

शेवटीं त्या पोराचें सांगून संपवितों. तें आतां नववींत आहे. फार हुशार निघालें असें म्हणत नाहीं, मध्यम आहे. परवां रस्त्यांत भेटलें. सायकल थांबवून म्हणालें, "गुर्जी, डेअरीतलं ते यंत्र दुधातली फॅट कशी काय ओळखतं?" मला उत्तर येत नव्हतें. मीं तसें सांगितलें. मग आम्ही दोघे मिळून डेअरींत विचारावयास गेलों.

आतां ज्यांना विचारावयाचें असेल त्यांनीं खुशाल विचारावें. मी खालीं बसत नाहीं.